काठोकाठ भरलेले तीन ग्लास

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पीयूष दळवीने तिसरा ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवला. त्यावर फेस नव्हता.

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉटेलच्या कामाचं शिक्षण देणारी एक लहानशी संस्था आहे. परीक्षा तिथे चालू होती. टेबलावर पत्र्याचा छोटा पिंप, पिंपाला नळ, शेजारी गॅसचं नळकांडं. समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या मॅनेजरबाई. पिंपातली बिअर बिनअल्कोहोलची होती. गुजरातेत परीक्षेपुरतीही दुसरी आणता येत नाही. पिंप आणि ग्लास नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने पाठवले होते.

बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. पीयूषला ते कळलं, पण आपल्याला चुकीचं ऐकू आलं असेल असं वाटून त्याने आनंद सरांकडे पाहिलं. सर आयुष्याची वीस वर्षं जहाजांवरच्या बारमध्ये काढून बडोद्याला परतले होते आणि ही संस्था चालवत होते.

"फेस कुठाय, असं विचारतायत त्या," सर हळू आवाजात म्हणाले.

"बसवला, मॅडम," पीयूषने पडद्याकडे पाहून इंग्रजीत सांगितलं. "फुल ग्लास."

बाई हसल्या. रागावल्या असत्या तर पीयूषला बरं वाटलं असतं. ग्लासावरची ती पांढरी रेघ दिसते का, असं त्यांनी विचारलं. पीयूषने ग्लास फिरवला. काठापासून बरीच खाली एक बारीक पांढरी रेघ होती. ती त्याला मघापासून दिसत होती. कंपनीची काहीतरी नक्षी असेल असं समजून तिन्ही वेळा तो ती ओलांडून वर गेला होता.

गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या रेघेपर्यंतचे, बाईंनी सांगितलं. वरची जागा फेसासाठीच ठेवलेली असते. फेस नसला की बिअर लवकर मरते, तिचा वास उडतो, आणि आमच्याकडे असा ग्लास टेबलावर नेला तर माणूस तो परत पाठवतो. शिळी आहे म्हणतो.

"थँक यू, मॅडम," पीयूष म्हणाला.

हे पीयूषच्या बाबतीत कसं झालं, याचं संस्थेत सगळ्यांनाच नवल वाटलं. कारण वर्गात तो पहिला होता. बरोबरची पोरं विशी-पंचविशीची, हा एकोणचाळीस वर्षांचा. पण आनंद सर काही दाखवायचं झालं की त्यालाच पुढे बोलवत. ग्लासाला तेलाचं बोट लागलेलं नसावं, आधी तो गार पाण्याने विसळून घ्यावा. मग नळाखाली तिरका धरायचा, दांडी एका झटक्यात पूर्ण उघडायची, धार काचेच्या पोटावर घ्यायची. नळाचं तोंड ना ग्लासाला लागलं पाहिजे ना बिअरला. अर्ध्याच्या वर आलं की ग्लास हळूहळू सरळ करत जायचा, म्हणजे शेवटची धार मधोमध पडते आणि दोन बोटं जाडीचा फेस उभा राहतो. मग दांडी बंद. पीयूषचा हात हे असं करायचा की सर म्हणायचे, "बघा, दळवींच्या हातात मुळातच आहे ते."

वर्गातला सराव मात्र रिठ्याच्या पाण्यावर होता. सरांनी एका जुन्या पिंपात रिठे उकळलेलं पाणी भरून त्याला पंप जोडला होता. फेस छान यायचा, टिकायचाही. आणि ते पाणी कुणी पिणार नव्हतं, मोरीत ओतायचं होतं. त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

मंगळवारी पिंपाचा नळ उघडला, गार सोनेरी धार आली, माल्टचा वास सुटला, आणि पीयूषच्या हाताने ओळखलं की हे पिण्याचं आहे. पहिला ग्लास बरोबर भरला होता. फेस उभा राहिला होता. मग हात थांबला, ग्लासाचं बूड टेबलावर दोनदा हलकेच आपटलं, फेस बसायची वाट पाहिली आणि वर भर घातली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तर पीयूष मनात स्वतःला बजावत होता, थांब, थांब. आणि बजावता बजावता ग्लास भरला.

हा हात मांजलपूरच्या सोड्याच्या टपरीवर तयार झालेला होता. टपरी पीयूषच्या वडिलांनी रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर टाकली. ते गेल्यावर पीयूषने चालवली, सोळा वर्षं. जिरा, लिंबू, आलं-लिंबू, काला खट्टा. जिरा सोड्यात मसाला पडला की फेस उसळतो आणि ग्लास भरल्यासारखा दिसतो. तेवढ्यावर भागवणारे सोडावाले गावात पुष्कळ. पीयूषच्या वडिलांनी टपरीवर मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत पाटी लावली होती : फेस बसल्यावर पुन्हा भरून मिळेल. संध्याकाळी स्कूटरी आडव्यातिडव्या लागायच्या आणि नवं कुणी आलं की जुनं गिऱ्हाईकच त्याला सांगायचं, "पीयूषभाई फीण नथी वेचता." पीयूषभाई फेस विकत नाहीत. आपल्या मालकीची म्हणावी अशी एवढीच एक गोष्ट पीयूषकडे होती.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली. सोड्याचं मशीन तेवढं त्याने सोसायटीच्या जिन्याखाली आणून ताडपत्रीखाली ठेवलं. नव्या जागेचं भाडं परवडेना. वाघोडियाला एका पॅकिंगच्या कारखान्यात कंत्राटावर लागला. कंत्राट बदललं, नवा कंत्राटदार म्हणाला, मला पंचविशीतली माणसं हवीत. मग हे क्रोएशियाचं निघालं. बारच्या काउंटरवर, उन्हाळ्याच्या सीझनपुरतं, पुढे वाढू शकेल असं. अट दोनच : चाळिशीच्या आत असावा आणि हाताची परीक्षा पास व्हावा. पुढच्या सीझनला पीयूष चाळिशी ओलांडणार होता. म्हणजे यंदा किंवा कधीच नाही.

परीक्षा संपल्यावर सर त्याला गॅलरीत घेऊन गेले.

"नापास नाही केलं त्यांनी," ते म्हणाले. "थांबवून ठेवलंय. म्हणाल्या, माणूस स्वच्छ काम करतो, पण हाताला सवय दुसरी आहे. शुक्रवारपर्यंत एका ग्लासाचा व्हिडिओ पाठवा. सलग, कुठे कापलेला नको. दोन्ही हात आणि नळ दिसला पाहिजे."

"मग आत्ताच काढू ना, सर."

सरांनी आतल्या पिंपाकडे बोट दाखवलं. पीयूषने आत जाऊन पिंप हलवून पाहिला. रिकामा होता. शेवटचा नंबर त्याचा होता, आणि बाकीच्यांनी वापरून उरलेली सगळी बिअर त्याच्या तीन ग्लासांच्या भरीत गेली होती.

"आठवड्यात दुसरा पिंप येईल?"

"नाही येणार. विचारलं मी. रेघेचं मी सांगायला हवं होतं, दळवी. जहाजावर आमच्या ग्लासांना रेघा नसायच्या. डोक्यातच नाही आलं."

त्यांनी रेघेचा एक ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो स्कूटरच्या डिकीत ठेवून पीयूष मांजलपूरला आला.

त्याची बायको मैथिली एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ती घरी आली तेव्हा पीयूष ओट्यापाशी उभा राहून त्या ग्लासात माठातलं पाणी ओतत होता. रेघेपर्यंत आलं की थांबत होता, ओतून देत होता, पुन्हा भरत होता.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. मैथिली पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे तू जास्त दिलंस म्हणून नापास?"

"नापास नाही. थांबवलंय."

"तेच ते." तिने पर्स उतरवली. "सोळा वर्षं लोकांना भर घालत बसलास. दुसरे सोडावाले बघ, बंगले झाले त्यांचे. आणि आता तिकडच्या बाईलाही भर!"

"हातच ऐकत नाही गं."

"हाताला सांग की घरात दुसरं काही उरलं नाहीये."

हे ती चिडून म्हणाली नाही. भाजी निवडायला घेता घेता म्हणाली, आणि म्हणून ते जास्त लागलं. तो गेला तर महिनोन्‌महिने ती एकटी राहणार होती. त्याला निरोप द्यायची तयारी तिने मनात कधीच करून ठेवली होती. तो जाणारच नाही याची तयारी तिने केली नव्हती.

मशीनमधून काढून बघू, हे तिनेच सुचवलं. बिनअल्कोहोलची बिअर डब्यांतून बडोद्यात सगळीकडे मिळते. डबे मशीनच्या टाकीत रिकामे करायचे, वरून गॅसचा दाब द्यायचा, नळ तर आहेच. पीयूषला ते जमेलसं वाटलं. सरांना फोन केला, तेही म्हणाले, नळ नळासारखा दिसला म्हणजे झालं.

बुधवारी त्याने ताडपत्री काढून मशीन धुतलं, नळ्या गरम पाण्याने साफ केल्या. गुरुवारी दुपारी मैथिली शाळेतून आल्यावर तळमजल्यावरच्या श्रीपतरावांच्या खिडकीतून वायर घेतली. श्रीपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, एकटे. त्यांच्याकडे तब्येतीच्या कारणाने मिळालेलं दारूचं परमिट आहे आणि ते त्याचा उल्लेख लोक पदवीचा करतात तसा करतात. ते खुर्ची घेऊन जिन्यापाशी येऊन बसले.

"डब्यातलं पाणी कशाला ओततोस?" ते म्हणाले. "माझ्याकडे खरी आहे. दोन बाटल्या. फेस बघ कसा येतो."

"नको, काका."

"अरे, परमिट माझं, आजार माझा. तू फक्त ओत, पितो मी."

"पोलिसांचा दाखला लागतो व्हिसाला. कुणी काही बोललं तर तेवढंही जाईल."

"खरं आहे," श्रीपतराव म्हणाले. "काय दिवस आलेत बघ. बिअर ओतायला शिकायचं, आणि बिअर सोडून सगळ्यात हात घालायचा."

पहिला ग्लास नुसता फेस निघाला. दाब जास्त होता. दुसरा अगदी मेलेला. पीयूषने चावी थोडी थोडी फिरवत दाब बसवला. हे काम त्याच्या हातचं होतं आणि ते करताना तो क्षणभर परीक्षा विसरला. टाकीत आता दोन-तीन ग्लासांपुरतंच उरलं होतं. आणखी डबे आणायचे तर ते तासन्‌तास गार करावे लागणार होते, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ जायचा होता. मैथिलीने मोबाइल समोर धरला.

"चालू केलं," ती म्हणाली.

पीयूषने ग्लास विसळला. तिरका धरला. दांडी एका झटक्यात उघडली. धार पोटावर घेतली, ग्लास हळूहळू सरळ केला, रेघ आली, आणि रेघेच्या वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस उभा राहिला. श्रीपतराव खुर्चीत पुढे सरकले. दांडी बंद करून ग्लास ठेवायचा, एवढंच बाकी होतं.

जिन्यावरून दुर्गाबेन उतरत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, टपरीच्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. मशीन दिसताच त्यांचा चेहरा फुलला.

"पीयूषभाई! फरी चालू कर्युं? लो, मने एक जीरा आपो." पुन्हा सुरू केलंत ना, एक जिरा द्या, असं म्हणेपर्यंत त्यांना ग्लास दिसला. त्या हसून म्हणाल्या, "हाय हाय, आटलुं बधुं फीण? तमे पण घराकने छेतरवा मांड्या?"

एवढा फेस? तुम्हीही गिऱ्हाइकाला फसवायला लागलात?

त्या चेष्टाच करत होत्या. पण पीयूषच्या हाताने ग्लासाचं बूड दोनदा हलकेच आपटलं, फेस बसू दिला आणि वरून भर घातली. काठोकाठ. आणि भरलेला ग्लास, सवयीने, दुर्गाबेनच्या समोर धरला.

मैथिलीने मोबाइल खाली घेतला. दुर्गाबेनना आपण काहीतरी बिघडवलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही. "जीरा नथी?" असं विचारून त्या भांबावून उभ्या राहिल्या.

"नथी, बेन," पीयूष म्हणाला. "हवे नथी."

आता नाही. त्या गेल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला. रडला वगैरे नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसला, जसं एखाद्या घरच्या माणसाकडे बघावं, ज्याच्यावर रागावता येत नाही आणि ज्याचं काही करताही येत नाही. गावात ज्या हाताचं नाव होतं तोच आडवा आला होता. आणि ते नावही आता गावात किती जणांच्या लक्षात होतं? दुर्गाबेनच्या. त्यांच्या लक्षात होतं म्हणूनच तर हे झालं.

"ऊठ," मैथिली म्हणाली. "अजून एक होईल."

"पुन्हा तेच होणार."

"ऊठ म्हणते ना."

"काका, तुम्ही धरा मोबाइल," ती श्रीपतरावांना म्हणाली. "फक्त धरून ठेवायचा. हलवायचा नाही."

श्रीपतरावांनी दोन्ही हातांनी मोबाइल धरला, देवाचं तबक धरावं तसा. पीयूषने शेवटचा ग्लास नळाखाली नेला. दांडी उघडली. नळ एकदा खोकला, मग धार लागली. ग्लास सरळ झाला. फेस रेघेवर आला, उभा राहिला. पीयूषने दांडी बंद केली. हात थांबला. त्याचं कोपर आपटण्यासाठी किंचित खाली आलं.

मैथिलीने बाजूने हात घालून त्याचं मनगट धरलं.

तिने जोर केला नव्हता, पण सोडलंही नाही. दोघं तसेच उभे राहिले. फेस जागच्या जागी होता, त्यावरचे बुडबुडे एकेक करून फुटत होते. श्रीपतराव मोबाइलमागून म्हणाले, "आता बंद करू?" आणि त्यांचा आवाजही व्हिडिओत आला.

टाकी रिकामी झाली होती.

रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी तो व्हिडिओ पाहिला. ग्लास निर्दोष होता. आनंद सर वर्गात दाखवत तसा, त्याहूनही चांगला. शेवटी उजवीकडून बांगड्या घातलेला एक हात येत होता आणि ओतणाऱ्याचं मनगट धरत होता. तेवढा भाग कापला असता तरी बाकीचं ओतणं पुरतं दिसलं असतं. पण बाईंनी सांगितलं होतं, कापलेला नको.

"कापू या का?" मैथिलीने विचारलं.

"नको," पीयूष म्हणाला. "ते भर घालण्यापेक्षा वाईट."

"मी धरलं नसतं तर?"

पीयूष ग्लास पुसत राहिला.

शुक्रवारी सकाळी सरांना व्हिडिओ दाखवला. सरांनी दोनदा पाहिला.

"ओतणं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "पण त्या विचारतील, हा हात कुणाचा म्हणून."

"माझ्या बायकोचा आहे, सांगा."

"ती तिकडे नसणार, दळवी."

"माहीत आहे, सर."

सरांनी व्हिडिओ पाठवला. पाठवताना सोबत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि पीयूषने विचारलं नाही. दुपारी सरांच्या मोबाइलवर व्हिडिओखाली दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे पाहिला गेला होता.

शनिवारी काही आलं नाही. तिकडे सुट्टी असेल, असं सर म्हणाले. वर्गातल्या ज्या चौघांची निवड झाली होती त्यांना वैद्यकीय तपासणीची तारीख मिळाली, असं त्यांच्यातल्याच एकाने ग्रुपवर टाकलं. मग बहुधा पीयूषची आठवण होऊन पुसून टाकलं. पीयूषने ते आधीच वाचलं होतं.

संध्याकाळी, टपरी गेल्याचं ऐकून, जवळच्या पादरा गावाहून एकाचा फोन आला. त्याला सोड्याचं मशीन विकत हवं होतं. चालू आहे ना, असं त्याने विचारलं. चालू आहे, गुरुवारीच चालवलं, पीयूष म्हणाला. मग उद्या टेम्पो घेऊन येऊ का? पीयूष म्हणाला, उद्या सांगतो.

रविवारी दुपारपर्यंत त्याने त्या माणसाला हो किंवा नाही कळवलेलं नव्हतं. मशीन जिन्याखाली होतं, धुतलेलं, ताडपत्री न घातलेलं. क्रोएशियाहून उत्तर आलेलं नव्हतं.